एकदा भाजलेला चुना: मिडलोथियनच्या स्लॅगचं प्रकरण

विजेने भंगार वितळवणाऱ्या आर्क फर्नेसमधून निघालेल्या स्लॅगचा, म्हणजे पोलाद करताना निघणाऱ्या मळीचा, मुठीएवढा खडा हातात घेतला की आधी जाणवतं ते वजन. दिसायला जळका दगड: करडा-काळा, अंगभर बारीक छिद्रं. इतकी छिद्रं असूनही तेवढ्याच आकाराच्या चुनखडीपेक्षा तो जड लागतो. फोडला तर आत टाचणीच्या डोक्याएवढे पोलादाचे मणी चमकतात आणि पावसात पडून राहिलेल्या खड्यावर गंजाचे डाग दिसतात. जडपणा लोखंडाचा आहे, ते लगेच कळतं. दिसत नाही ती दुसरी गोष्ट: या खड्यात वजनाने साधारण एक तृतीयांश चुना असतो, पुष्कळदा त्याहून जास्त, आणि तो भाजलेला असतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड कधीच निघून गेलेला असतो.

सिमेंटच्या भट्टीत सगळ्यात जास्त उष्णता खाणारी रासायनिक क्रिया म्हणजे चुनखडीतून तो वायू हाकलणं. मग ज्याचं हे काम आधीच झालं आहे, असा माल कुंपणापलीकडे पडलेला असेल तर?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात नेमकी हीच परिस्थिती होती. या विषयावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेक ठिकाणी 'कचऱ्यातून संपत्ती' एवढंच वाचायला मिळतं. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तोच खडा एका दारातून आत घेतला तर निकृष्ट ठरतो आणि दुसऱ्या दारातून घेतला तर उत्तम. दार बदलण्याची ही गोष्ट आहे.

कुंपणाला कुंपण

मिडलोथियन हे डॅलसच्या नैर्ऋत्येला साधारण ४० किलोमीटरवरचं गाव. जमिनीखाली चुनखडी भरपूर, म्हणून तिथे एकाच परिसरात तीन सिमेंट कारखाने उभे राहिले. त्यांपैकी टेक्सास इंडस्ट्रीज या कंपनीचा कारखाना १९६० मध्ये सुरू झाला. याच कंपनीने १९७३ साली कॅनडाच्या को-स्टीलबरोबर भागीदारी करून शेजारीच चॅपरल स्टील काढली. १९७५ पासून तिथे भंगार वितळवून पोलाद तयार होऊ लागलं. मोडीत निघालेल्या गाड्या तुकडे करून भट्टीत घालायच्या आणि बांधकामाच्या सळया नि तुळया ओतायच्या, असा हा कारखाना.

आर्क फर्नेसमध्ये भंगाराबरोबर चुना घालतात. वितळलेल्या पोलादातलं सिलिकॉन, फॉस्फरस आणि इतर नको असलेले घटक तो चुना स्वतःत ओढून घेतो आणि हलका असल्यामुळे वर तरंगतो. हा वरचा थर म्हणजेच स्लॅग. सुमारे १६०० अंश सेल्सिअसला तो भट्टीबाहेर काढून अंगणात ओततात आणि थंड होऊ देतात. टनभर पोलादामागे साधारण १०० ते २०० किलो स्लॅग निघते. पोलाद कारखान्याच्या दृष्टीने तिचं काम संपलेलं असतं. फोडून, चुंबकाने लोखंड वेगळं करून ती बहुधा रस्त्याच्या भरावात जाते. त्यातून पैसे फारसे मिळत नाहीत, पण ढीग तरी हलतो.

इकडे सिमेंट कारखाना दर दिवशी चुनखडी खणत होता, दळत होता, भाजत होता. शिवाय मिश्रणात लोखंड कमी पडतं म्हणून लोहयुक्त माल वेगळा आणून घालावा लागतो, ही प्रत्येक सिमेंट कारखान्याची नेहमीची गरज. म्हणजे एका बाजूला चुना आणि लोखंडाचा ढीग, दुसऱ्या बाजूला चुना आणि लोखंडाची मागणी. मधे फक्त कुंपण, आणि दोन्हीकडचा मालक जवळजवळ एकच. तरीही जवळपास वीस वर्षं ते कुंपण कोणी ओलांडलं नाही. याचं कारण आळस नव्हता. त्यामागे तांत्रिक अडचण होती, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या सुटकेची किंमत कळत नाही.

चुकीचं दार

'सिमेंटमध्ये स्लॅग' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती झोतभट्टीची स्लॅग. खनिजापासून कच्चं लोखंड काढताना निघणारी ही स्लॅग पाण्याच्या झोताने झटकन थंड केली की काचेसारखी रवाळ होते. ती बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळली तर स्वतःच सिमेंटसारखी आवळते. एकोणिसाव्या शतकापासून हा उपयोग माहीत आहे आणि आज झोतभट्टीच्या दाणेदार स्लॅगला कचरा म्हणणं चूकच ठरेल.

पोलादाची स्लॅग ही वेगळीच चीज. ती सावकाश थंड होते, त्यामुळे काच न बनता स्फटिक बनतात आणि आवळण्याची ताकद फारच कमी राहते. तिच्यात न विरघळलेला मोकळा चुना आणि मॅग्नेशियम ऑक्साइड शिल्लक असतं. मोकळ्या चुन्याला पाणी लागलं की त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. मॅग्नेशियम ऑक्साइड तर दुपटीहून जास्त फुगतं, आणि तेही सावकाश, कधी कधी वर्षानुवर्षं. काँक्रीट घट्ट झाल्यावर आत अशी फुगवण झाली तर ते तडकणारच. रस्त्यात घालायची स्लॅगसुद्धा आधी उघड्यावर मुरवावी लागते ती याचसाठी.

एक प्रयोग पाहण्यासारखा असतो. लॅडलमधून, म्हणजे वितळलेलं पोलाद ठेवायच्या मोठ्या भांड्यातून, निघालेली चुनखट स्लॅग थंड होताना आधी चांगली दगडासारखी घट्ट दिसते. तापमान ५०० अंशांच्या खाली उतरलं की तिच्यातल्या डायकॅल्शियम सिलिकेटची (चुना आणि सिलिका यांच्या संयुगाची) रचना बदलते, आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढतं आणि ढेकूळ स्वतःहून कुजबुजल्यासारखा बारीक आवाज करत भुकटी होऊन कोसळतं. हात न लावता. हे एकदा पाहिलेला माणूस असला माल इमारतीच्या काँक्रीटमध्ये घालायला धजणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

म्हणजे तयार सिमेंटमध्ये मिसळण्याचं दार बंद. मग दुसरा विचार: ही स्लॅग चुनखडीसारखीच कच्चा माल म्हणून दळून भट्टीत घालावी. रसायनशास्त्र याला अनुकूल आहे. भट्टीत १४५० अंशांना सगळं नव्याने घडणार, मोकळा चुना सिलिकेटमध्ये बांधला जाणार, फुगवणीची भीती बरीच कमी होणार. अडलं ते दळण्यापाशी. सिमेंटचा कच्चा माल पिठासारखा बारीक करावा लागतो, कारण घन कणांमधली क्रिया पृष्ठभागावरून आत सरकते आणि कण मोठा असला तर गाभा कच्चा राहतो. स्लॅग चुनखडीपेक्षा कितीतरी कठीण. शिवाय तिच्यातले पोलादी मणी दळलेच जात नाहीत. ते मिलमध्ये फिरत राहतात, अस्तर झिजवतात, वीज खातात. चुन्यात जे वाचवायचं ते दळणात घालवायचं, असा हा व्यवहार.

रॉम यंग यांची सोडवणूक

टेक्सास इंडस्ट्रीजच्या रॉम यंग यांनी यावर काढलेला मार्ग इतका साधा आहे, की तो आधी कोणाला कसा सुचला नाही असं वाटतं. स्लॅग दळायचीच नाही. फोडून २ इंचांपर्यंतचे खडे करायचे आणि ते तसेच फिरत्या भट्टीच्या वरच्या टोकाला, जिथून कच्चा माल आत जातो तिथे, सोडायचे. ६ जून १९९५ रोजी त्यांना या पद्धतीचं अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक ५,४२१,८८०. कंपनीने पद्धतीला सेमस्टार हे नाव दिलं.

हे का चालतं, याचं उत्तर वितळणबिंदूत आहे. चुनखडी आणि माती यांचा खडा भट्टीत वितळत नाही, म्हणून तो दळावाच लागतो. स्लॅग मात्र एकदा वितळून गोठलेला पदार्थ आहे आणि ती साधारण १२६० ते १३१५ अंशांना पुन्हा मऊ होऊन वितळते. भट्टीच्या सर्वांत उष्ण पट्ट्यात माल १४५० अंशांपर्यंत जातो. म्हणजे त्या पट्ट्यात पोहोचण्याआधीच खडा पाझरू लागतो आणि भोवतीच्या चुन्यात भिनतो. जे काम बॉल मिलने वीज खाऊन करायचं, ते भट्टीच्या आत, असलेल्याच उष्णतेत होतं.

दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे स्लॅगमध्ये तयार असलेलं डायकॅल्शियम सिलिकेट. सिमेंटच्या क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळल्यावर सिमेंट होणाऱ्या गोळ्यांमध्ये, हेच खनिज हवं असतं. त्यात आणखी चुना मिसळून ट्रायकॅल्शियम सिलिकेट बनतं, ज्याच्यावर सिमेंटची सुरुवातीची ताकद उभी राहते. म्हणजे स्लॅगचा खडा हा केवळ भाजलेला चुना नाही. तो अर्धवट तयार झालेला क्लिंकरच आहे.

यंत्रसामग्री काय लागली? क्रशर, चाळणी, लोखंड काढायला चुंबक, एक साठवण, वजन करून देणारा पट्टा आणि भट्टीच्या तोंडापर्यंत माल नेणारा कन्व्हेयर. कारखाना उभारणाऱ्या माणसाला ही यादी ऐकून हायसं वाटेल. नवी मिल नाही, नवी भट्टी नाही.

१०० टन क्लिंकरचा हिशोब

आता कागदावर आकडे मांडून बघू. स्लॅगचा एक नमुना गृहीत धरतो: कॅल्शियम ऑक्साइड ३५ टक्के, लोह ऑक्साइड २५, सिलिका १६, मॅग्नेशियम ऑक्साइड १०, अॅल्युमिना ६, मँगनीज ऑक्साइड ५, क्रोमियम ऑक्साइड १, बाकी किरकोळ. आर्क फर्नेसच्या स्लॅगमध्ये असे आकडे सहज आढळतात, पण प्रत्येक कारखान्याचे वेगळे, आणि एका कारखान्यातही दर ओतणीला थोडे हलणारे. समोर १०० टन क्लिंकर बनवायचं आहे, ज्यात साधारण ६५ टन चुना, २१ टन सिलिका, साडेपाच टन अॅल्युमिना आणि ३ टन लोह ऑक्साइड लागतं. त्यात १० टन स्लॅग घालू.

१० टन स्लॅगमधून साडेतीन टन चुना येतो. तेवढाच चुना चुनखडीतून काढायचा तर ६.२५ टन शुद्ध चुनखडी भाजावी लागेल आणि त्यातून २.७५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. तो वाचला. १०० टन क्लिंकरसाठी चुनखडीतून सुमारे ५१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातले २.७५ टन म्हणजे ५ टक्क्यांहून थोडे जास्त. माझं मत स्पष्ट सांगतो: हा आकडा लहान नाही, पण जाहिरातीत शोभेल इतका मोठाही नाही. स्लॅगने सिमेंट 'हरित' होतं असं कोणी म्हणालं तर त्याला हे ५ टक्के दाखवावेत. आणि भट्टीत एक नवा कन्व्हेयर लावून ५ टक्के कमी होतात हे ऐकून कोणी नाक मुरडलं, तर त्यालाही तेच दाखवावेत.

इथे प्रामाणिकपणाने आणखी एक गोष्ट मांडायला हवी. स्लॅगमधला चुना आर्क फर्नेसला पुरवण्याआधी कुठल्यातरी चुनाभट्टीत भाजलाच गेला होता आणि तेव्हा त्याचा वायू हवेत गेलाच होता. तो पोलादाच्या खात्यावर पडलेला आहे. सिमेंट कारखान्याने वाचवलेला वायू खरा आहे, कारण एरवी तेवढी नवी चुनखडी फुटली असती. पण दोन्ही कारखान्यांनी एकाच बचतीचं श्रेय स्वतंत्रपणे घेतलं तर हिशोब चुकतो. कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा ताळेबंद एकत्र मांडला, तरच तो खरा.

आता उष्णता. ६.२५ टन चुनखडी फोडायला टनाला १.७८ गिगाज्यूलप्रमाणे सुमारे ११ गिगाज्यूल लागतात. तेवढी वाचली. पण मिडलोथियनच्या चार जुन्या भट्ट्या ओल्या पद्धतीच्या होत्या, आणि तिथे बचतीचा मोठा वाटा चुनखडीतून आलाच नाही.

ओल्या पद्धतीत कच्चा माल पाण्यात दळून त्याची स्लरी करतात. घटक एकजीव व्हायला ही सोपी पद्धत, म्हणून जुन्या काळी ती लोकप्रिय होती. स्लरीत साधारण ३५ टक्के पाणी. हे सगळं पाणी भट्टीच्या वरच्या भागात, लोंबणाऱ्या साखळ्यांच्या पट्ट्यात, इंधन जाळून उडवावं लागतं. १० टन स्लॅग सुमारे ११ टन कोरड्या कच्च्या मालाची जागा घेते: चुनखडी ६.२५ टन आणि उरलेली माती, सिलिका, लोहमाल. तेवढा कोरडा माल स्लरीतून आला असता तर सोबत जवळपास ६ टन पाणी आलं असतं. ते उडवायला १५ गिगाज्यूलहून जास्त उष्णता. स्लॅग मात्र कोरडी आत पडते. म्हणजे वाचलेल्या पाण्याने वाचवलेली उष्णता ही वाचलेल्या चुनखडीपेक्षा जास्त! दोन्ही मिळून सुमारे २७ गिगाज्यूल. ओल्या भट्टीला १०० टन क्लिंकरसाठी ५८० गिगाज्यूलच्या आसपास लागतात असं धरलं तर साडेचार टक्क्यांची बचत.

या आकड्यात दोन छोटे घटक मी धरलेले नाहीत आणि ते एकमेकांविरुद्ध ओढतात. डायकॅल्शियम सिलिकेट बनताना उष्णता बाहेर पडते. स्लॅगमध्ये ते आधीच बनलेलं असल्यामुळे ती मिळकत भट्टीला मिळत नाही. उलट स्लॅगमधलं कमी ऑक्सिजनचं लोह ऑक्साइड भट्टीत पूर्ण ऑक्सिडाइज होताना उष्णता देतं.

मालकाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठी बाब वेगळीच होती: उत्पादन. भट्टीची क्षमता बहुधा मागच्या टोकाला बसलेल्या पंख्याने ठरते. ज्वलनाचे वायू, वाफ आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड हे सगळं त्या पंख्याने ओढून बाहेर न्यायचं असतं. कच्चा माल भाजताना वजनाने साधारण एक तृतीयांश हलका होतो, कारण तो वायू बनून जातो. स्लॅगमधून वायू जवळजवळ निघतच नाही, लोह ऑक्सिडाइज झाल्याने वजन उलट किंचित वाढतं. म्हणून घातलेल्या टनभर स्लॅगमागे जवळजवळ टनभर क्लिंकर जास्त मिळतं, आणि पंख्यावर भार वाढत नाही. त्याच भट्टीतून, त्याच पंख्याने, जास्त सिमेंट. नवी भट्टी बांधायला लागणारा पैसा आणि परवाने यांच्या तुलनेत हा सौदा कोणीही सोडणार नाही. पर्यावरणाचा लाभ खरा असला, तरी ही पद्धत टिकली ती या कारणाने असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषक वायूच्या बाबतीतही फायदा झाला. भट्टीची ज्योत २००० अंशांच्या आसपास असते आणि तिथे हवेतलाच नायट्रोजन जळतो. कमी इंधनात, थोड्या कमी तापमानात क्लिंकर शिजलं की हा वायू कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर २०००च्या अहवालात सिमेंट उद्योगासाठी नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्याच्या उपायांमध्ये सेमस्टारची नोंद घेतली.

माप कुठे संपतं

मग १० टनच का, ३० टन का नाही? कारण लोखंड. वरच्या हिशोबात १० टन स्लॅगमधून अडीच टन लोह ऑक्साइड आलं. ते भट्टीत पूर्ण ऑक्सिडाइज होऊन सुमारे २.८ टन होतं. क्लिंकरची गरज ३ टनांची. म्हणजे १० टनांतच लोखंडाचा कोटा जवळजवळ संपला, तेही माती आणि चुनखडीतून काहीच लोखंड येत नाही असं मानलं तर. प्रत्यक्षात ते येतंच. त्यांतून दीड टन आलं तर स्लॅगला जागा उरते साधारण साडेपाच टनांची. मग वर मांडलेले सगळे फायदेही जवळजवळ निम्मे होतात, कार्बन डायऑक्साइडची बचत दीड टनावर येते.

लोखंड जास्त झालं तर काय होतं, हे भट्टी चालवणाऱ्याला विचारावं. क्लिंकर बनताना पहिला द्रव १३४० अंशांच्या आसपास तयार होतो आणि लोखंडाने त्याचं प्रमाण वाढतं, तो पातळही होतो. थोडा द्रव हवाच, त्याच्याशिवाय क्लिंकरचे गोळे बांधले जात नाहीत. जास्त झाला की अस्तरावर नको तिथे थर चढतो, रिंग धरते, माल अडतो आणि मग भट्टी थंड करून ती रिंग फोडण्याची पाळी येते. त्या एका बंदीत वर्षभराची इंधनबचत वाहून जाऊ शकते.

म्हणून स्लॅगच्या अंगणात गेल्यावर पहिला प्रश्न 'चुना किती' असा नसून 'लोखंड किती' असा असायला हवा. चुंबकाने मोकळं पोलाद काढून घेतलं की थोडी मोकळीक मिळते आणि ते पोलाद परत आर्क फर्नेसला जातं. पण ऑक्साइडच्या रूपातलं लोखंड चुंबकाने निघत नाही.

मॅग्नेशियम ऑक्साइड दुसरी मर्यादा. अमेरिकी मानकाप्रमाणे पोर्टलँड सिमेंटमध्ये ते ६ टक्क्यांपर्यंत चालतं. १० टन स्लॅग १०० टन क्लिंकरमध्ये १ टक्क्याची भर घालते. चुनखडी चांगली असेल तर काळजी नाही. डोलोमाइट मिसळलेली असेल आणि मूळचंच ४-५ टक्के असेल तर हे दार बंद समजावं.

क्रोमियमबद्दल मात्र मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण तिथे प्रश्न खर्चाचा नसून माणसाच्या हाताचा आहे. स्लॅगमध्ये क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुजी, तुलनेने निरुपद्रवी रूपात असतं. सिमेंटच्या भट्टीत ऑक्सिजन आणि चुना दोन्ही भरपूर. तिथे त्यातलं काही षट्संयुजी होतं आणि ते पाण्यात विरघळतं. ओल्या सिमेंटमध्ये हात घालून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या गवंड्यांना त्यामुळे त्वचेचा ॲलर्जीक दाह होतो, आणि एकदा शरीराने ती ॲलर्जी धरली की ती बहुधा सुटत नाही, माणसाला धंदा बदलावा लागतो. युरोपात जानेवारी २००५ पासून सिमेंटमधल्या विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमला दशलक्षांश २ भागांची मर्यादा आहे. आमच्या गृहीत स्लॅगमध्ये क्रोमियम ऑक्साइड १ टक्का आहे. १० टनांमधून क्लिंकरमध्ये दशलक्षांश १००० भाग क्रोमियम ऑक्साइडची भर पडते. त्यातला थोडाच भाग विद्राव्य होत असला, तरी २ भागांची मर्यादा ओलांडायला थोडाच पुरतो. फेरस सल्फेटसारखं क्षपणकारक, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमला पुन्हा त्रिसंयुजी करणारं द्रव्य, सिमेंटमध्ये घालून हे आटोक्यात ठेवता येतं, पण त्याचा परिणाम साठवणुकीत कमी होत जातो. ज्या देशात अशी मर्यादा नाही तिथेही हे सल्फेट घालावं, असं मी ठामपणे म्हणेन. बचत कारखान्याने करायची आणि तिची किंमत गवंड्याच्या हाताने चुकवायची, हे चालणार नाही.

कन्व्हर्टरची, म्हणजे कच्च्या लोखंडात ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भट्टीची, स्लॅग वापरायची असेल तर फॉस्फरसही बघावा लागतो. खनिजापासून सुरू होणाऱ्या पोलादात तो जास्त असतो, तो ट्रायकॅल्शियम सिलिकेट बनण्यात अडथळा आणतो आणि सिमेंटची सुरुवातीची ताकद घटते. मिडलोथियनची स्लॅग भंगारापासूनची असल्यामुळे हा त्रास तिथे कमी. उलट भंगार दर दिवशी वेगळं, म्हणून अशा स्लॅगचे थर आडवे पसरून उभे कापत उचलणं आणि मिश्रण एकसारखं करून घेणं जास्त गरजेचं.

एक मालक, दोन कारखाने

गॉर्डन फॉरवर्ड तेव्हा चॅपरल स्टीलचे प्रमुख होते. एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल कसा व्हावा, याचा त्यांनी पुढे बराच प्रसार केला. या विचाराला अमेरिकेत 'उपउत्पादनांचा मेळ' अशा अर्थाचं नाव मिळालं आणि मिडलोथियन त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण बनलं. सेमस्टारचे परवाने इतर कारखान्यांनाही दिले गेले.

हे मिडलोथियनमध्येच का घडलं याचं बरंचसं उत्तर मालकीत आहे. स्लॅग दर आठवड्याला थोडी बदलते. दोन स्वतंत्र कंपन्या असत्या तर पहिल्या बिघडलेल्या बॅचला कोणाची चूक यावर पत्रव्यवहार झाला असता. पुरवठादार म्हणतो, माझा मुख्य माल पोलाद आहे, स्लॅगची हमी कशी देऊ. घेणारा म्हणतो, हमी नाही तर मी माझी भट्टी धोक्यात का घालू. दोघांचंही खरं. एकाच कंपनीच्या छताखाली प्रयोगाचा तोटा आणि फायदा एकाच वहीत येतो, म्हणून वर्ष-दोन वर्षं चुकत-शिकत राहण्याची सवड मिळते. पुढे २००५ मध्ये चॅपरल स्टील वेगळी कंपनी झाली, २००७ मध्ये गेर्डाऊने ती घेतली आणि टेक्सास इंडस्ट्रीज २०१४ मध्ये मार्टिन मॅरिएटाकडे गेली. आता कुंपणाच्या दोन बाजूंना दोन वेगळे मालक आले.

या प्रकरणाची दुसरी बाजू वगळून लिहिणं मला योग्य वाटत नाही. याच ओल्या भट्ट्यांमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंत घातक औद्योगिक कचरा इंधन म्हणून जाळला जात होता. आसपासच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. २००५ साली त्यांनी केंद्रीय आरोग्ययंत्रणेकडे हवेची तपासणी करण्यासाठी अर्ज केला आणि त्यातून त्या परिसराच्या हवेचा दीर्घ अभ्यास झाला. स्लॅगचा प्रश्न त्या कचऱ्याहून वेगळा आहे, रसायनाच्या दृष्टीने दोहोंचा संबंध नाही. पण भट्टीच्या खालच्या वाऱ्याला राहणाऱ्या माणसाने 'टाकाऊ माल भट्टीत' हे शब्द ऐकले तर तो हा फरक विश्वासाने कसा मानेल? काय आत जातं आणि धुराड्यातून काय बाहेर येतं, याचे आकडे नियमितपणे गावासमोर ठेवणं हाही या पद्धतीचा तितकाच आवश्यक भाग आहे, कन्व्हेयरइतकाच.

२००८ साली मंदीत त्या चारही ओल्या भट्ट्या थांबल्या आणि पुन्हा पेटल्या नाहीत. त्याआधीच कारखान्यात प्रीहीटर आणि कॅल्सायनर असलेली (म्हणजे कच्चा माल फिरत्या भट्टीत जाण्याआधीच तापवून भाजणारी) कोरड्या पद्धतीची पाचवी भट्टी उभी राहिली होती. तशा भट्टीसाठी वरचाच हिशोब पुन्हा मांडला तर चित्र बदलतं. स्लरी नाही, त्यामुळे पाण्याचे १५ गिगाज्यूल हिशोबातून गेले. राहिले चुनखडीचे ११. भट्टीला १०० टनांसाठी ३२० गिगाज्यूलच लागतात असं धरलं तर बचत साधारण साडेतीन टक्के. लोखंडाचा कोटा तोच, मॅग्नेशियमचा तोच, क्रोमियमची जबाबदारीही तीच. आणि १० टन स्लॅगमागे हवेत न गेलेला २.७५ टन कार्बन डायऑक्साइड, तोही तेवढाच.